लग्नाच्या हॉलला म्हशींचा रस्ता

कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला एकमेकींना मिळतात. त्या संगमाच्या अवतीभोवतीच्या गावांत पूर अंगावर धावून येत नाही, चढत येतो. पुढे कृष्णा तुंबली की पंचगंगेच्या पाण्याला निघायला वाट राहत नाही. फुगवटा मागे सरकतो, ओढ्यांतून पाणी उलटं शिरतं, उसाच्या सऱ्या भरतात आणि नदीकडे डोळे लावून बसलेल्या माणसाच्या पाठीमागून रस्ता बंद होतो.

असा सावकाश येणारा पूर जास्त फसवा. माणूस या पुराचा अंदाज मागच्या पुरावरून बांधतो. शिरोळ तालुक्यात २००५ चा पूर हे सगळ्यांचं माप होतं. "त्या साली पाणी पायरीला लागून माघारी गेलं," हे मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. त्या भरवशावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी धान्याची पोती माळ्यावर टाकली, टीव्ही कपाटावर चढवला आणि घरातच थांबले. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, तिथे ते ५५ च्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि गावातली माणसं, त्यांत बायका-मुलंही, बुडाली. मग २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्याही पुढे गेलं. 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांवरचा लोकांचा विश्वास तेव्हाच उडाला.

त्यानंतर कृष्णाकाठच्या एका गावाच्या सरपंचताई दोन सदस्यांना घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. मी कोल्हापुरात वास्तुरचनाकार म्हणून काम करते. सभागृहाचा निधी मंजूर व्हायच्या वाटेवर होता. काय हवं आहे, असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, "लग्नाला चारशे पान उठलं पाहिजे, आन् पुरात वर ऱ्हायला जागा पाहिजे." इतक्या नेमक्या शब्दांत मागणी सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. पुढचं सगळं काम या दोन अर्ध्या वाक्यांना एकत्र बसवण्याचं होतं.

सोबत त्यांनी एक नकाशा आणला होता. एका सरकारी कार्यालयातून मिळालेला नमुना नकाशा. आयताकृती हॉल, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला शटर, मागे दोन संडास, जोतं दीड फूट. हाच नकाशा माळावरच्या गावालाही मिळतो, घाटातल्या गावालाही आणि नदीकाठच्या गावालाही. अंदाजपत्रक त्यावर तयार, दर ठरलेले, मान्यता लवकर मिळते. म्हणून सगळे तोच घेतात. ज्या गावात पाच फूट पाणी चढतं तिथे दीड फुटाच्या जोत्यावर सभागृह बांधणं म्हणजे पुराला आणखी एक खोली बांधून देणं आहे, एवढं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

पुरासाठी म्हणून वेगळी इमारत बांधून ठेवावी, असाही एक विचार गावात होता. मला तो पहिल्यापासून पटला नाही. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर तिथे किनाऱ्यावर निवारे उभे राहिले, आणि २०१३ साली फायलिन आलं तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. त्या यशात पूर्वसूचनेचा वाटा मोठा आहे, पण निवाऱ्यांचाही आहे, आणि त्यांतले पुष्कळ निवारे एरवी शाळा म्हणून, गावाच्या बैठकांसाठी वापरात असतात. बंद राहणाऱ्या इमारतीत कबुतरं होतात, नळ चोरीला जातात, बॅटऱ्या मरतात. ज्या रात्री ती लागते त्या रात्री किल्ली सापडत नाही. गावाचं सभागृह रोज उघडलं जात असेल तरच ते पुरात उघडेल, हे मी धरून चालले आणि आजही माझं मत तेच आहे.

पहिलं काम जागेचं. पूरग्रस्त गावात जागा निवडताना दोन रेषा पाहाव्या लागतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम नाही. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून. गावाची उंचावरची गायरान जमीन लांब, माळाच्या बाजूला. तिथे पाणी कधीच येत नाही. पण तिथे लग्नालाही कोणी जाणार नाही, बचत गटाच्या बायकाही जाणार नाहीत, आणि पाणी चढल्यावर म्हातारी माणसं तर मुळीच पोचणार नाहीत. गावाच्या मधोमध देवळापुढच्या चौकात सगळे जमतात, पण तिथे पाणी छातीच्या वर होतं. शेवटी जागा ठरली ती गावाच्या माळाकडच्या कडेला, निळ्या रेषेच्या बाहेर. २०१९ ला तिथे पाच फूट पाणी होतं. तरी ती घेतली याचं कारण एकच: तिथून मागे माळाकडे जाणारा रस्ता चढाचा आहे आणि तो सगळ्यात शेवटी बंद होतो. निवाऱ्याची उंची सगळे विचारतात. निवाऱ्यापासून पुढे जायचा रस्ता किती दिवस उघडा राहतो, हे फार कमी लोक विचारतात. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या उंच इमारतीत माणसं अडकतात, आणि मग त्यांना काढायला बोट न्यावी लागते.

जागेला आणखी एक बाजू होती आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे लिहिणं अपुरं राहील. आपल्याकडे आळीआळीला, वस्तीवस्तीला आपापलं समाजमंदिर असतं. एरवी त्यावर कोणी बोलत नाही. पुरात मात्र सगळ्यांना एकाच छपराखाली यावं लागतं, आणि तेव्हा कोण कोणत्या खोलीत बसलं, कोणाच्या हातचं पाणी कोणी घेतलं नाही, हे लोक विसरत नाहीत. २०१९ ला शाळेत काय झालं ते मला दोन वेगवेगळ्या वस्त्यांतल्या बायकांनी वेगवेगळं सांगितलं. म्हणून ही जागा कोणत्याच एका आळीची नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. बैठकीत एका सदस्याने हॉलचे दोन भाग करून दोन दारं ठेवा, असं सुचवलं. कारण त्याने सांगितलं नाही आणि ते सांगायची गरजही नव्हती. सरपंचताईंनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. दार एकच, सगळ्यांचं, आणि स्वयंपाकघर हॉलकडे उघडं. इमारतीला कोणाचं नाव द्यायचं यावरही वाद झाला आणि शेवटी 'गाव सभागृह' एवढंच लिहायचं ठरलं.

पातळी ठरवायला आम्ही कागदांबरोबर भिंतींवरही विसंबलो. शाळेच्या भिंतीवर, पाणंदीतल्या घरांच्या गिलाव्यावर, देवळाच्या खांबावर पुराच्या रेघा अजून दिसत होत्या. लोकांनी त्या पुसल्या नव्हत्या; काहींनी तर रंगाने ठळक करून साल लिहून ठेवलं होतं. लेव्हल मशीन लावून त्या सगळ्या एका मापावर आणल्या. २०१९ आणि २०२१ यांतलं जे वरचं, त्याच्यावर आणखी दोन फूट, ही आमची सुरक्षित पातळी.

चारशे पानांचा हॉल आणि राहण्याचा हॉल यांत किती अंतर आहे ते मला कागदावर माहीत होतं. गावाला ते दाखवायचं होतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मदत छावणीसाठी किमान निकष घालून दिले आहेत: माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, माणशी दिवसाला तीन लिटर पिण्याचं पाणी, तीस माणसांमागे एक संडास. आम्ही शाळेच्या मैदानावर तीनशे चौरस मीटरचा हॉल फक्की मारून आखला. खिडक्या, दारं, जिना, सगळं खऱ्या मापात. मग बायकांना सांगितलं, २०१९ ला घरातून जे घेऊन बाहेर पडलात ते घेऊन या आणि रात्रीची झोपायची तयारी करा.

चटया आल्या, पत्र्याच्या ट्रंका आल्या, एकीने गॅसची शेगडी आणली, एकीने देवघरातला टाक फडक्यात गुंडाळून आणला. एक आजी काठी टेकत आल्या आणि त्यांनी सरळ भिंतीच्या फक्कीला पाठ लावून बैठक मारली. "मला भिताड लागतंय," त्या म्हणाल्या. "मधी बसून रात काढता येत न्हाई." त्यांच्या मागोमाग सगळ्याच कडेला सरकल्या, आणि मधली जागा ओस पडली. बाळंतीण म्हणून बसवलेल्या मुलीने दाराच्या वाऱ्यापासून लांबचा कोपरा धरला. संडासाकडे जायची वाट कोणाच्या अंथरुणावरून जाते यावर खरीखुरी भांडणं झाली. आणि तीनशे चौरस मीटर जेमतेम पंच्याऐंशी माणसांत भरून गेले. लग्नात चारशेचं जेवण होणाऱ्या हॉलमध्ये रात्री शंभरसुद्धा माणसं धड झोपू शकत नाहीत, हे सगळ्या गावाने एका दुपारी पाहिलं.

त्या दुपारने नकाशा बदलला. हॉल एक अखंड पोकळी न राहता त्याच्या दोन्ही लांब बाजूंना खांबांच्या मध्ये खोल कोनाडे आले, पाठ टेकायला भिंत देणारे. लग्नात त्यांत पाहुण्यांच्या बॅगा आणि आहेर राहतो, भजनाच्या रात्री तबले-पेट्या. बाळंतीण, आजारी माणूस यांच्यासाठी एक खोली. एरवी ती नवरीची खोली. आणि मुख्य म्हणजे ही इमारत सगळ्या गावाला राहायला पुरणार नाही, ती तशी आहे असं कोणी मानू नये, हे ग्रामसभेत उघड बोललं गेलं. ज्यांना पै-पाहुण्यांकडे जाता येतं त्यांनी आधीच जायचं. सभागृह मागे उरणाऱ्यांसाठी: म्हातारी, आजारी, दिवस भरलेली बाई, आणि जनावरांपायी न निघणारे.

शेवटच्या या माणसांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, लोक घराच्या मायेने थांबतात. घर सोडून माणसं निघतात. म्हैस सोडून निघत नाहीत. या भागात दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी हातात येतो, उसाचा कधी येईल त्याचा भरवसा नसतो. दोन म्हशी हे एखाद्या घराचं सगळं भांडवल असतं. "म्हशी खाली आन् आमी वर? जीव थाऱ्यावर ऱ्हाईल व्हय आमचा?" असं एका मामांनी विचारलं. २०१९ ला शेवटच्या घटकेला दावी कापून त्यांनी जनावरं सोडून दिली होती. एक परत आली, एक नाही. माणसांसाठी कितीही चांगला हॉल बांधला तरी जनावरांची सोय नसेल तर मामा येणार नाहीत, आणि मामा आले नाहीत तर मामीही येणार नाहीत.

बांगलादेशच्या किनाऱ्यावर जनावरांसाठी मातीचे उंच भराव घातले आहेत, त्यांना तिथे 'किल्ला' म्हणतात. आम्ही त्याच धर्तीवर इमारतीला लागून मुरमाचा भराव केला, सात फूट उंच, नदीच्या अंगाला दगडी पिचिंग. त्याची लांब बाजू प्रवाहाला समांतर ठेवली, ओढ्याचं पाणी अडू नये म्हणून. एका म्हशीला छपराखाली चार चौरस मीटर जागा लागते असं गोठ्याचं माप आहे. त्या हिशेबाने वाट आणि गव्हाण सोडून ऐंशीएक जनावरं बसतात. गावात याच्या कितीतरी पट जनावरं आहेत, पण बाकीची वेळेत माळावर नेता येतात. हा भराव नदीकडच्या दोन आळ्यांसाठी. वर जायला एकास बारा चढाचा रस्ता, त्यावर खरखरीत कोबा आणि आडव्या खाचा, खूर घसरू नयेत म्हणून. तोच चढ व्हीलचेअरलाही चालतो. भरावापासून पुढे हॉलपर्यंतचा दुसरा चढ फक्त माणसांसाठी. एरवी या भरावावर सोयाबीन वाळतं, पोरं क्रिकेट खेळतात, लग्नात ट्रॅक्टर आणि जीप उभ्या राहतात. मंजुरीच्या वेळी 'सभागृहाला गुरांचा रस्ता कशाला' अशी टीप फायलीवर पडली होती. तिला उत्तर म्हणून मी मामांचं म्हणणं मामांच्याच शब्दांत लिहून दिलं, आणि ते स्वीकारलं गेलं.

हॉल पहिल्या मजल्यावर, जमिनीपासून बारा फुटांवर. खालचा मजला खांबांवर मोकळा. तिथे पंगती बसतात, आठवड्याचा बाजार भरतो. पुरात पाणी आत येतं आणि निघून जातं, अडत नाही. पुराच्या दृष्टीने हे उत्तम. भूकंपाच्या दृष्टीने हेच धोक्याचं. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांत खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर भिंतींचं ओझं अशा पुष्कळ होत्या. हादरा बसला की वरचा भाग एकसंध हलतो आणि सगळा ताण खालच्या मोकळ्या खांबांवर येतो. आमच्यापासून कोयना फार लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट जुन्या माणसांना अजून आठवते. शिवाय जमाव जमतो अशा इमारतींचा भूकंपाचा भार भारतीय मानकाप्रमाणे दीडपट धरावा लागतो. म्हणून इमारतीच्या दोन्ही टोकांना, जिन्याभोवती आणि संडासांच्या ओळीभोवती, पायापासून छतापर्यंत सलग काँक्रीटच्या भिंती घेतल्या. लांब भिंती प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पाणी त्यांना अडखळणार नाही. आडव्या दिशेला आखूड. पाणी आणि धरणीकंप दोघांनाही पुरं पडणारा हा भाग आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. खालची जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. म्हणून पाया अंडररीम्ड पाईलचा, तळाशी फुगीर खांब मुरमात रुतवलेला. या इमारतीचा सगळ्यात महाग भाग कोणालाच दिसत नाही, आणि गावाला त्याचा खर्च पटवणं सगळ्यात अवघड गेलं.

पुरात सगळ्यात आधी बंद पडतं ते पिण्याचं पाणी. नळयोजनेची जॅकवेल नदीतच असते, ती पहिल्या दिवशी बुडते, पंप बंद होतो. २०१९ ला कोल्हापूर शहरालाही उपसा केंद्रं बुडाल्यामुळे टँकरवर दिवस काढावे लागले होते. आमचा हिशेब साधा होता: पंच्याऐंशी माणसं, पिण्याला तीन आणि वापरायला पंधरा लिटर, आठवडाभर. साधारण दहा हजार सातशे लिटर. पाच-पाच हजारांच्या दोन टाक्या गच्चीवर, उताराने खाली येणाऱ्या, पंपावर न विसंबणाऱ्या. उरलेलं पाऊस देतो. तीनशे चौरस मीटर छतावर पन्नास मिलिमीटर पाऊस झाला की गळती-उडती वजा जाता बारा हजार लिटर पाणी येतं, आणि पूर असताना पाऊस असतोच. पहिलं पाणी वाया घालवणारा व्हॉल्व्ह, वाळूचं गाळणं, वर क्लोरीन. लग्नातही हेच पाणी भांड्यांना वापरलं जातं, म्हणून टाकी कधी शिळी राहत नाही.

संडासांवर मी बराच वेळ घालवला आणि त्याबद्दल मला कोणाचीही क्षमा मागायची नाही. पुरात सेप्टिक टँक भरतो आणि भांड्यातून उलटा वर येतो. हे एकदा झालं की बायका पाणी प्यायचं बंद करतात, खाणं कमी करतात, अंधार पडेपर्यंत कळ काढतात. मग लघवीचे त्रास, ताप. छावण्यांतल्या डॉक्टरांना विचारा. म्हणून आमचे संडास हॉलच्या पातळीला, टाकी सुरक्षित पातळीच्या वर, नळाला उलट येऊ न देणारी झडप. बायकांचे सहा, पुरुषांचे दोन. "बायकांना इतके कशाला?" असं बैठकीत एकाने विचारलं तेव्हा मला बोलावंच लागलं नाही. मागे बसलेल्या आशाताई उठल्या आणि शाळेतल्या त्या आठवड्यात दोन संडासांवर किती बायका होत्या ते त्यांनी सांगितलं. ठराव तिथेच झाला.

स्वयंपाकघरासाठी गावातल्या आचाऱ्याला आणि बचत गटाला एकत्र बसवलं. आचाऱ्याला काहिली उतरवायला बुटका कट्टा हवा होता, भाताच्या पातेल्याची पेज ओतायला जमिनीत रुंद पाट हवा होता. बायकांना भाकरीसाठी ओळीने चुली आणि धूर जायला वाट हवी होती. पुरात सिलिंडर तरंगत वाहून जातात, म्हणून त्यांची खोलीही वर. शिवाय जळणाची कोरडी खोली वेगळी. गॅस संपला तर चूल पेटली पाहिजे. ही जळणाची खोली मी कोणत्याच निकषात वाचली नव्हती.

विजेबद्दल थोडक्यात. पाणी चढलं की वीजपुरवठा बंद करावाच लागतो. छतावर सौर पॅनेल आहेत, पण पुराच्या दिवसांत ऊन नसतं, म्हणून बॅटरीवर फक्त दिवे आणि मोबाईलचं चार्जिंग. पंखे नाहीत. लोकांना पंख्यापेक्षा फोन महत्त्वाचा असतो. मुंबई-पुण्याला असलेल्या मुलाशी बोलणं झालं की म्हातारी माणसं शांत झोपतात.

राहिली किल्ली. वरच्या मजल्यावर एका टोकाला अभ्यासिका आहे. या भागात पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली घराघरांत आहेत आणि घरात अभ्यासाला जागा नाही. ती पहाटे येतात, रात्री जातात. सभागृहाची एक किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे, एक अंगणवाडी ताईंकडे आणि एक अभ्यासिकेत असते. जिना, झडप, टाकीचं क्लोरीन, बॅटरी, सगळं या मुलांना हाताळता येतं, कारण ती तिथेच असतात. लग्नाच्या भाड्यातला ठरावीक भाग देखभालीसाठी वेगळ्या खात्यात जातो आणि त्यातून इतर कामाला पैसा काढता येणार नाही, असा ग्रामसभेचा ठराव आहे. तो मोडायचा प्रयत्न एकदा झाला आणि बचत गटाने तो हाणून पाडला.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. गावात रस्त्यावर पाणी यायच्या आधीच म्हशी भरावावर आल्या होत्या. पहिल्यांदा मामा आले, दावी बांधून, पेंढ्या टाकून. माणसं संध्याकाळी आली. पाणी त्या वेळी सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंतही पोचलं नाही, त्यामुळे इमारतीची खरी परीक्षा झाली असं मी म्हणणार नाही. पण पाणी दारात यायच्या आधी नदीकडच्या दोन आळ्या रिकाम्या झाल्या, आणि सरपंचताईंनी फोनवर मला पहिली तक्रार केली ती शेणाची: ऐंशी जनावरांचं शेण टाकायचं कुठे? त्याची सोय आता भरावाच्या मागे, ओढ्यापासून लांब, खड्डा बांधून केली आहे.

तुमच्या गावात सभागृहाचा ठराव येईल. बहुतेक तयार नकाशाच समोर येईल. तो हातात घ्या आणि गावात ज्या वर्षी सगळ्यात जास्त पाणी आलं त्या वर्षाची रेघ त्यावर मारून मागा. रेघेच्या खाली संडासाची टाकी, विजेचं बोर्ड, पाण्याचा पंप यांतलं काही येत असेल तर सही करू नका. बायकांना बोलवा आणि मैदानावर फक्की मारा. जनावरं कुठे जातील आणि किल्ली कोणाकडे राहील, हे ठरावात लिहून घ्या. हे सगळं निविदा निघायच्या आधी करा. निविदा निघाल्यावर यातलं काहीही बदलता येत नाही.